टिंबमावशी आणि आईचं जन्मसाल

आमच्या मावशीला सगळे टिंबमावशी म्हणतात. छापखान्यात ती मुद्रितं तपासते. ‘दि’पुढे टिंब नसलं तर तिला जेवण जात नाही. ‘सन १९८२ साली’ दिसलं की म्हणते, “सन आणि साल एकच. एकाच माणसाला दोनदा कशाला वाढता?” आणि ‘१९७०पासून’ लिहून पुढे आडवी रेघ मारणारा तिच्या मते अर्धवट, ‘पासून’ आलं की ‘पर्यंत’ यायलाच हवं. म्हणूनच तिचं लग्न टिकलं नाही, असं बाबा म्हणतात. मावशी म्हणते, पूर्णविराम कुठे द्यायचा तेही तिला कळतं.

बाबांनी आईच्या साठाव्या वाढदिवसाची पत्रिका, जन्मसालासकट, मावशीच्याच छापखान्यात छापायला टाकली आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं. कारण ती होती चौसष्ट वर्षांची. स्थळ जमवताना आजोबांनी तिची चार वर्षं खाल्ली होती. त्या जोरावर बाबांनी “दोन वर्षांनी मोठा आहे मी, मला जास्त कळतं” म्हणत उभा संसार हाकला. पंखा कुठला घ्यायचा इथपासून मी कुणाशी लग्न करायचं इथपर्यंत.

“खरं साल फुटलं, तर हा माणूस मला मरेपर्यंत टोमणे मारील,” आई म्हणाली आणि मला ओढत छापखान्यात घेऊन गेली. मावशीचं लाल पेन पत्रिकेवर पोचलंच होतं.

“खोटं साल माझ्या टेबलावरून जाणार नाही, ताई.”

“हळू बोल! टिंबं हवी तेवढी दे, सालाला हात लावू नकोस.”

“अगं, गेल्या वर्षी माझी साठी झाली. भावोजींनीच भाषण ठोकलं. या हिशेबाने मी तुझ्याहून मोठी!”

“मग हो मोठी. कोण अडवतंय?”

मावशीने पेनचं टोपण चावलं. “चारचौघांत ताई म्हणशील? मागचंपुढचं जुळायला हवं.”

“हिला ताई?” आई माझ्याकडे वळली. “हिचं शेंबडं नाक मी पुसलंय!”

पेन आकड्यांकडे सरकलं.

“म्हणेन, बाई, म्हणेन!”

मावशीने ‘सन’ खोडलं, ‘दि’पुढे टिंब दिलं, आकडे तसेच ठेवले आणि सही केली.

वाढदिवसाला मावशी दारात दिसताच आईने सगळ्यांदेखत, दातओठ खात म्हटलं, “ये, ताई.”

बाबा चमकले. “ताई? ती तुझी धाकटी ना?”

आई पांढरीफटक पडली.

“पत्रिका नाही का वाचलीत, भावोजी?” मावशी म्हणाली. “साल मी तपासलंय. विसरलात वाटतं.”

विसरलो, असं बाबांनी जन्मात कबूल केलेलं नाही. “मी कसा विसरेन? गंमत केली जरा. घरात सगळ्यांची वयं मलाच तर पाठ आहेत.”

“तुम्ही मोठे ना,” आई म्हणाली आणि केकचा पहिला तुकडा त्यांच्याकडे नेऊ लागली.

मावशीने मध्येच आपली बशी घुसवली. “आधी मला. मीही मोठी आहे.”