उसना दम

सन २०२३. वैशाख. लग्नसराई ऐन भरात आणि ऊन असं की पितळी वाद्याला हात लावला तर चटका बसावा. आमच्या बँडचे जे किस्से हल्ली सांगितले जातात, त्यांची सुरुवात त्या उन्हाळ्यातली.

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. बँडच्या दुकानाच्या माळ्यावर फुटक्या ढोलांची कडी पडून राहतात, तसे ते साठतात. कोणी फेकत नाही म्हणून. पूर्वी आमचे किस्से पंगतीचे आणि बुजलेल्या घोड्यांचे असायचे. आता मनाच्या डॉक्टरांचे आहेत. रफिक ढोलवाल्याच्या तोंडून ऐकले तर ते दुप्पट मोठे होतात, म्हणून मीच सांगतो. बाळूला विचारून सांगतो. तो म्हणाला, "सांगा मास्तर. लपवून काय मिळालं?"

मी चौथी शिकलो. तरी नाशकात मला मास्तर म्हणतात, कारण बँडच्या म्होरक्याला मास्तरच म्हणतात. मी ट्रम्पेट वाजवतो. माझ्या डाव्या खांद्याला बाळू. तोही ट्रम्पेट. दोन ट्रम्पेट शेजारी चालतात त्याला कारण आहे. लांब सूर एका दमात निघत नाही. एकाने तोंड काढून श्वास घ्यायचा, तेवढा वेळ दुसऱ्याने सूर धरायचा. ऐकणाऱ्याला कळता कामा नये. याला आम्ही उसना दम म्हणतो. नियम एकच. घेतलेला दम त्याच गाण्यात फेडायचा.

माझा सूर भर रस्त्यात कधी तुटला नाही. हे मी अभिमानाने सांगतो.

*

त्या दिवशी पंचवटीत नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला होता. ऐन गाण्यात बाळूने तोंड काढलं. मी सूर धरला. त्याने ट्रम्पेट परत लावलंच नाही. बघतो तर अंगातला कोट घामाने चिंब.

"मास्तर, मी चाललो," म्हणाला आणि रस्त्यात बसला.

रफिकने ढोल उतरवला आणि त्याला रिक्षात घातलं. मी गाणं मारुतीपर्यंत नेलं, मग दवाखान्यात गेलो. तिथे डॉक्टर कार्डिओग्रामची पट्टी हातात घेऊन उभे होते.

"हृदय ठणठणीत आहे. याला पॅनिक अटॅक म्हणतात. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा."

बाळू उठून बसला. "मी येडा हाय का?"

मी म्हणालो, "क्लॅरिनेटची पत्ती चिरली तर आपण क्लॅरिनेट गोदावरीत टाकतो का?"

"नाय."

"मग गप चल."

गप चालेल तो बाळू कसला! पण त्याचं भयही खोटं नव्हतं. पुढच्या दोन लग्नांत ट्रम्पेट ओठाला लागलं की त्याची छाती धडधडायला लागे. त्याला दुसरं काही काम येत नाही. ट्रम्पेट गेलं म्हणजे बाळू गेला, हे त्याला कळत होतं आणि मलाही.

*

मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं नाही म्हणून बाळू आधी भलत्याकडेच गेला. कोणी एक साहेब हॉल घेऊन मनाची शक्ती वाढवायचे. बोर्डावर नावाआधी काय काय लिहिलेलं! नावानंतर मात्र एकही डिग्री नाही.

साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. "छातीवर हात ठेवा आणि म्हणा, मी सिंह आहे!"

आता ट्रम्पेटवाल्याची छाती ती. बाळूने अशी डरकाळी फोडली की पुढच्या रांगेतल्या बाई खुर्चीतून उठल्या. साहेब खूश. त्याला स्टेजवर बोलावलं, माइक दिला, "बघा! एका दिवसात बदल!" असं जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात आला तर डोळे लाल.

"काय रे," रफिक म्हणाला, "सिंहाला झोप नाय लागली वाटतं!"

त्यावर बाळू हसला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, तुम्ही चला संगं."

*

मनोविकारतज्ज्ञाकडे आम्ही गेलो ते एका साखरपुड्यावरून थेट. बाळू, मी, रफिक आणि अजून चार जण. अंगावर लाल कोट, खांद्यावर झालरी, डोक्यावर तुरे. वॉचमनने हात जोडले. "इथे लग्न नाही हो, दवाखाना आहे!"

बाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "पेशंट कोण यातला?"

"ठरायचंय," रफिक म्हणाला.

बाई खुदकन हसल्या. त्यांच्या मुलाने मान वर केली. आई किती दिवसांनी हसली, असं म्हणाला.

डॉक्टर कमी बोलणारे. मला माणूस पटला. झोप, भूक, दारू, घरात आधी कोणाला त्रास होता का, सगळं विचारलं. मग बाळूला एकट्याला आत ठेवून विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?"

हे मला बाळूनेच नंतर सांगितलं. "मी नाय म्हणालो. पण मास्तर, असं सरळ विचारलं ना कोणी, की अर्धं ओझं तिथेच उतरतं."

त्यांनी गोळ्या लिहिल्या. "आज घेतली आणि उद्या वाजवलं, असं होणार नाही. काही आठवडे लागतील. मध्येच बंद करायची नाही." आणि शेजारच्या खोलीत जायला सांगितलं.

*

शेजारच्या खोलीत एक तरुण मॅडम बसल्या होत्या. बाळूने गोळ्यांची चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. त्याला वाटलं, या कंपाउंडर.

मॅडमनी चिठ्ठी परत दिली. "मी सायकॉलॉजिस्ट. मी गोळ्या देत नाही."

"मग काय देता?"

"गृहपाठ."

गृहपाठाच्या भीतीनेच शाळा सोडलेली आम्ही दोन माणसं एकमेकांकडे बघत राहिलो!

मला वाटायचं, मॅडम म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालच्या. तसं नव्हतं. डॉक्टर औषधाचं शिकलेले, मॅडम मन कसं चालतं त्याचं शिकलेल्या. ढोलवाला ट्रम्पेटवाल्याचा मदतनीस नसतो. गाणं एक, वाद्यं दोन. हे कळल्यावर मी दोघांनाही सारखाच नमस्कार करायला लागलो.

*

मॅडमनी पहिल्याच दिवशी श्वासाचा व्यायाम घ्यायला सुरुवात केली. "पोटातून श्वास घ्या. आता मी मोजते तोवर हळूहळू सोडा."

त्या मोजायला लागल्या. दहा झाले. पंधरा झाले. वीस झाले. बाळू सोडतोय. पंचविसाला मॅडमच खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"अहो, पुरे! पुरे!"

"अजून हाय मॅडम," बाळू म्हणाला.

मॅडम मोकळ्या हसल्या. मग त्यांनी विचारलं, "एवढा श्वास तुमच्याकडे आहे. मग भीती वाटते तेव्हा तो जातो कुठे?"

घरी येईपर्यंत बाळू त्याच प्रश्नावर होता. मला म्हणाला, "मास्तर, दम तर माझ्याकडेच असतो की!"

*

श्रावणात त्याने गुपचूप गोळ्या बंद केल्या.

दुकानात तालीम चालू होती. बाळूचा सूर फाटत होता. तो म्हणायचा उन्हाने, पण पाऊस चालू असताना ऊन कुठलं? दोन दिवसांनी गरगरायला लागलं. त्याने मॅडमना फोन लावला आणि खरं सांगितलं. गोळीने तोंड कोरडं पडत होतं. ओठ सुका असला की ट्रम्पेट बोलत नाही.

मॅडम म्हणाल्या, "गोळीचं माझ्या हातात नाही. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा. मीही त्यांना कळवते."

गेलो. डॉक्टर चिडले. "बंद करण्याआधी मला का नाही सांगितलं?"

मी म्हणालो, "ट्रम्पेटवाल्याला तोंड कोरडं पाडणारी गोळी तुम्ही का दिली?"

डॉक्टरांनी बाळूचा कागद परत उघडला. मग म्हणाले, "ट्रम्पेट? बँड आहे एवढं दिसलं होतं. मला वाटलं ढोल वाजवतो."

रफिक दारातून म्हणाला, "ढोलवाल्याचं तोंड कोरडं पडलं तर बँडचं भलंच होईल डॉक्टरसाहेब!"

त्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदा हसले. गोळी बदलून दिली. त्यानंतर त्या दवाखान्यात नवीन माणसाला एक प्रश्न जास्त विचारतात, असं म्हणे. काम काय करता, आणि कशाने करता.

*

एक दिवस दुकानात खांद्याला पिशवी लावून एक बाई आल्या. दवाखान्यातून आले म्हणाल्या, सोशल वर्कर.

"निवडणूक जवळ आली का ताई?" रफिकने विचारलं.

"मत मागायला नाही आले," त्या म्हणाल्या. "जागा मागायला आले."

बाळूच्या परवानगीने त्या आधी त्याच्या घरी जाऊन आल्या होत्या. त्याची बायको सुनंदा. चार महिने सगळे तिला बाळू कसा आहे एवढंच विचारत होते. या बाईंनी विचारलं, "तुम्ही झोपता का?" सुनंदा तिथेच रडायला लागली. तिला त्यांनी समुपदेशक गाठून दिल्या. सुनंदाला आजार नव्हता, ओझं होतं. ओझ्यासाठीही माणूस असतो, हे मला तेव्हा कळलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, सीझन सुरू होईल. त्याच्या जागी दुसरा घेतलात का?"

मी भिंतीकडे बोट केलं. खुंटीवर तुऱ्याची टोपी होती.

"ती कोणाची?"

"बाळूची. पुसतो रोज. दुसऱ्याच्या डोक्यावर घातली नाही."

बाईंनी पिशवी परत खांद्याला लावली. चहा न घेताच गेल्या. रफिक म्हणाला, मास्तरांसमोर रडायला लाजल्या.

*

तुळशीच्या लग्नानंतर मॅडमनी पायऱ्या आखून दिल्या. पहिली पायरी, वरातीत नुसतं चालायचं, हात रिकामे. दुसरी, ट्रम्पेट हातात, पण वाजवायचं नाही. मग एक कडवं. मग अख्खं गाणं. भीती आली तर पळायचं नाही, ती उतरेपर्यंत उभं राहायचं.

सटाण्याच्या लग्नात पहिली पायरी. बाळू पूर्ण ड्रेसमध्ये, तुरा लावून, हात हलवत माझ्या शेजारी चालला. मुलीच्या आजीने त्याला नीट निरखलं आणि मला गाठलं.

"हाऊ काबं रिकामा चालस?"

हा रिकामा का चालतो, याला काय सांगणार? पायरी? गृहपाठ?

मी म्हणालो, "आजी, हा मोठा वाजवणारा आहे. आज ऐकायला आलाय."

आजीने पदराआडून त्याला दोन लाडू दिले. वाजवणाऱ्या आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही!

बाळू मात्र त्या दिवशी मारुतीपर्यंत चालला. मध्ये एकदा थांबला, घामाने भिजला, भिंतीला हात लावून उभा राहिला. मग परत रांगेत आला. माझ्या डाव्या खांद्याला.

*

मार्गशीर्षात तो गाणी वाजवायला लागला. सगळ्या पायऱ्या झाल्या. एक सोडून. लांब सूर एकट्याने धरायची वेळ आली की तो डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघायचा आणि मी धरायचो. पुढच्या लग्नात धरतो, म्हणायचा. पुढचं लग्न यायचं आणि जायचं.

मॅडमनी बाळूला विचारून मला आत बोलावलं. बाळू शेजारीच बसला होता.

"मास्तर, शेवटची पायरी राहिली आहे. तुम्ही शेजारी आहात तोवर हे तुमच्यावर रेलून वाजवणार."

"मग मी काय करू?"

"ते मी सांगू शकत नाही. मला वाद्यातलं कळत नाही."

आम्ही बाहेर आलो. चहा प्यायलो. बाळूने पुढच्या लग्नाची तारीख विचारली.

माघात येवल्याचं लग्न आलं. सकाळची वेळ. नवरदेव मारुतीला निघालेला, दोन्ही बाजूला पैठणीची दुकानं, दुकानांच्या पायऱ्यांवर बाया उभ्या. नवरदेवाच्या मामांनी लांब सुराचंच गाणं सांगितलं. वैशाखात पंचवटीत बाळूचं अर्धं राहिलं होतं तेच.

लांब सूर आला. बाळूने तोंड काढलं, श्वास घेतला. मी सूर धरला. त्याने परत लावलं. मग मी तोंड काढलं.

आणि ट्रम्पेट खाली घेतलं.

बाळूने माझ्याकडे बघितलं. मी समोर बघत होतो. रफिकचं टिपरू ढोलावर एकदा अडखळलं. सूर हलला. पातळ झाला. मग भरला. भरला तो शेवटपर्यंत टिकला, आणि पुढचं गाणंही बाळूने एकट्याने नेलं, वळणावरून, चौकातून, पार मारुतीच्या पायरीपर्यंत.

नवरदेव आत गेला. रफिक धावत आला.

"मास्तर! भर रस्त्यात दम सरला का? आता वय झालं तुमचं!"

सगळा बँड हसला. येवल्यापासून नाशकापर्यंत टेम्पोत रफिकने हाच किस्सा रंगवला. पुढे लग्नालग्नांत सांगितला. अजून सांगतो. मी कधी अडवलं नाही.

पण त्याआधी, तिथे देवळासमोर, बाळूने ट्रम्पेट उलटं करून आत साचलेलं पाणी झटकलं. बाहीने तोंड पुसलं.

"वैशाखातला दम फिटला, मास्तर."

"फिटला," मी म्हणालो.