तीस सेकंदांचा माणूस

“आमी कोनी बंद नाई करत बाई. तुमचा फोनच हळू हाय.”

सरांनी फोन ठेवला, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “सव्वीस सेकंद,” ते म्हणाले. पलीकडची बाई कोण होती, कुठून बोलत होती, हे विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. तुम्ही बोलत असता आणि त्याची नजर घड्याळावर असते. आमचं ऑफिस वर्ध्याला लागून बोरगाव मेघेत होतं. दोन खोल्या, एक कूलर आणि एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचे ऑनलाइन अर्ज. जिल्हाभरातल्या मुली फोनवरून अर्ज भरायच्या, गुणपत्रिकेचा आणि जातीच्या दाखल्याचा फोटो जोडायच्या. हे सगळं ज्या सर्वरवर येऊन पडायचं, तो सरांनी एकट्याने उभा केला होता. मी त्यांच्या हाताखाली होते.

मी मराठीत बोलण्याआधी वाक्य मनात जुळवून घेते. मुलाखतीत सरांनी विचारलं, “इथं काऊन यायचं हाय तुले?” मी जुळवत होते, तेवढ्यात त्यांनी गाडीची किल्ली टेबलावर आपटली. “टाइमआउट!”

नोकरी मिळाली आणि नावही मिळालं. कॉन्व्हेंट. आमच्याकडे इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग ती कुणाच्या गोदामात का भरेना.

“ओ कॉन्व्हेंट, बोलून राह्यली का मनात ट्रान्सलेट करून राह्यली?”

ऑफिस हसायचं. मीही हसायचे. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

सरांचा तीस सेकंदांचा नियम समजायला एसटीच्या आरक्षणाच्या खिडक्या डोळ्यांसमोर आणा. आमच्या सर्वरला अशा चार खिडक्या होत्या आणि एका खिडकीवर एका वेळी एकच माणूस. ज्याचा फोन जलद, तो कागद आत सरकवून लगेच बाजूला व्हायचा. ज्याची रेंज कमजोर, त्याचा फोटो कणाकणाने यायचा आणि तोवर खिडकी अडून राहायची. म्हणून सरांनी ठरवलं होतं की तीस सेकंदांत सगळं आलं नाही तर खिडकी बंद. अर्धा आलेला फोटो फेकून द्यायचा. मुलीने पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

नियम सगळ्यांना सारखा होता असंही नाही. संस्थेच्या साहेबांना रोज सकाळी सगळ्या अर्जांची यादी लागायची. ती तयार व्हायला चांगली चार मिनिटं लागत. तिच्यासाठी सरांनी चारातली एक खिडकी कायमची राखून ठेवली होती. साहेबांना टाइमआउट नव्हता.

एकदा तळेगावच्या एका मुख्याध्यापकांचा फोन आला. फार अदबीने सांगत होते की अर्ज अर्ध्यावर जातो आणि पान कोरं होतं. सरांनी ऑफिसच्या वायफायवर स्वतःचा फोन काढला, चार सेकंदांत एक अर्ज पाठवला आणि म्हणाले, “गुरुजी, माह्याकडं तं चालते.” ही त्यांची तपासणी. दर तक्रारीला तेच. अर्जावर नाव ते स्वतःचंच टाकायचे, त्यामुळे मुलींच्या वसतिगृहाच्या यादीत सर दरवर्षी पंधरा-वीस वेळा असायचे. यादी साहेबांकडे जाण्याआधी त्यांना वगळणं हे माझं काम होतं. ते मी आवडीने करायचे.

त्यांच्याबद्दल एक बरी गोष्ट मला ठाऊक आहे, ती लपवणार नाही. पूर्वी एका वर्षी ऐन मुदतीच्या दिवशी सर्वर बसला. साहेब ऑफिसात आले आणि सगळ्यांसमोर त्यांना नको ते बोलले. सर अर्धा तास उभे होते म्हणे. तीस सेकंदांचा आकडा त्यानंतरचा. मे महिन्यात ते रोज अकराच्या ठोक्याला स्वतः बादली आणून कूलरच्या गवतावर पाणी मारायचे आणि त्याचा झोत आमच्याकडे नाही, सर्वरकडे वळवायचे. त्याच्या पाठीवर हात ठेवून गरम झालाय का बघायचे. तापलेल्या लेकराला बघतात तसं. ते दिसलं की मला त्यांचा राग करणं जड जायचं. पण पुन्हा फोन वाजायचा, आणि सोपं व्हायचं.

यावर उपाय होता. हळू येणाऱ्यांना सांभाळण्यासाठीच बनवलेला दुसऱ्या तऱ्हेचा सर्वर असतो. तो खिडक्यांच्या बाहेर, ओसरीवर बसल्यासारखा बसतो. कितीही जण येवोत, कितीही सावकाश देवोत, तो सगळ्यांचं एकाच वेळी थोडं थोडं घेत राहतो आणि कुणाचा कागद पुरा झाला की मगच आत खिडकीवर देतो. मी तो आमच्या चाचणीच्या मशीनवर बसवला, माझा फोन मुद्दाम टूजीवर टाकून तपासला. सहा मिनिटं लागली, पण अर्ज गेला. सरांना मेल लिहिली, इंग्रजीत, चार परिच्छेद. ती मुदतीच्या दिवसापर्यंत तीन आठवडे ड्राफ्टमध्येच पडून होती. रोज उघडायचे, एखादा स्वल्पविराम हलवायचे आणि बंद करायचे.

पुढे त्याच वर्षी सर नागपूरला गेले. निरोपाच्या दिवशी ते पाऊण तास बोलले आणि कुणीही घड्याळ पाहिलं नाही. त्यांच्या टेबलावर किल्ली आपटून पडलेला खळगा अजून आहे. मी तिथे बसते आणि कधी कधी बोट फिरवते. पण आठवतो तो त्या वर्षीच्या मुदतीचा शेवटचा दिवस. ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिचा अर्ज साडेचारला, मुदत संपायच्या अर्धा तास आधी, पुरा पोचला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही माझ्यासारखे घड्याळ बघत बसणार नाही.

त्या दिवशी दुपारी एक बाई दारात उभी राहिली. तळेगावच्याही पुढून, जंगलाच्या कडेच्या गावातून सकाळच्या पहिल्या बसने निघालेली. आर्वीला बस बदलून आलेली. घरी ते लोक गोंडी बोलत असावेत. मराठी शब्द ती एकेक उचलून ठेवत होती. ते उचलणं मी ओळखलं.

“मी लय लांबून आली. मायी पोरगी तिकडं झाडाखाली फोन घेऊन बसली हाय. तिथंच रेंज...”

“मुद्द्याचं बोला, बाई.”

ती थांबली. पदर सारखा केला. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. “मी लय लांबून आली. मायी पोरगी...”

“कागद आणले का? नाई? मंग आली कायले?”

“कागद तिच्यापाशी हायत. मी लय लांबून आली...”

सरांनी किल्ली आपटली. “टाइमआउट झाला बाई! फोन हळू हाय तुमचा. आर्वीच्या एखाद्या दुकानात जाऊन भरा म्हणा तिले.”

बाई किल्लीकडे बघत राहिली. मग घाई न करता म्हणाली, “फोन हळू हाय, मले मालूम हाय. पन तो चालू राह्यते जी. अर्धा जाते, मंग कोनीतरी इथून बंद करते. म्हून सांगाले आली. आज बंद नोका करू.”

सर हसले. ऑफिसकडे वळून, सगळ्यांनी हसावं म्हणून हसले. “ऐका! बाईले वाटते इथं कोनी दार लावून राह्यलं! ओ कॉन्व्हेंट, सांग वं हिले. इथून कोन बंद करते?”

ऑफिस हसलं. आठ वर्षं सर्वर सांभाळून जे सरांना सांगता आलं नसतं ते ती बाई झाडाखालून ओळखून आली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी वाक्य जुळवत होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि किल्ली उचलली.

ती खाली यायच्या आत मी उभी राहिले.

“आम्ही करतो, मावशी. इथूनच बंद करतो. तुम्ही बसा, मी आत्ता उघडते.”