गिअरबॉक्स दुरुस्त झाला तेव्हा

अपघातानंतर माझा डावा गुडघा वाकेनासा झाला. क्लच दाबणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. पुढे बायकोच्या किडन्या गेल्या, तेव्हा गाझियाबादहून दिल्लीला डायलिसिससाठी मी तिला त्याच गाडीने न्यायला लागलो.

नोव्हेंबरातल्या धुरकट सकाळी फ्लायओव्हरच्या चढावर गाडी अडली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, चाकं हलायची नाहीत. मागे हॉर्नचा कल्लोळ. ती तोंडाला ओढणी लावून कठड्याला टेकून उभी राहिली. शेवटी एका रिक्षावाल्याने आम्हाला हॉस्पिटलात पोचवलं.

गाडी टो करून गॅरेजला नेली. मेकॅनिकने गिअरबॉक्सचं ऑइल काढलं, ते डांबरासारखं काळं होतं आणि त्याला करपल्याचा वास होता. ऑटोमॅटिकला पेडल नसलं तरी आत क्लच प्लेट असतात, त्या जळाल्या होत्या. या मॉडेलचे नवे पार्ट येत नाहीत, शिवाय दिल्लीच्या नियमाप्रमाणे गाडीचं वयही संपत आलंय, असं त्याने समजावलं. मग म्हणाला, "अंकल, अब कटवा दो इसे," म्हणजे भंगारात द्या.

मी ऐकलं नाही. दुसरी गाडी घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं, आणि टॅक्सीचा अनुभव वाईट होता. एकदा परतताना तिला टॅक्सीत उलटी झाली. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि आम्हाला उतरायला सांगितलं. तिने स्वतःच्या ओढणीने सीट पुसली, मला हात लावू दिला नाही. म्हणून मी रोज गॅरेजला जाऊन बसू लागलो. शेवटी भंगारात गेलेल्या एका गाडीतून प्लेट मिळाल्या, गिअरबॉक्स बसला आणि गाडी पहिल्यासारखी गुळगुळीत चालू लागली.

त्यानंतरच्या पहिल्याच फेरीला मी खुशीत होतो. गिअर कधी बदलतोय तेसुद्धा कळत नाही, असं तिला सांगत होतो. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

"दुरुस्त झाली नसती तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

"का?"

"न जायला कारण मिळालं असतं. अहो, दमले मी आता."

मी गाडी चालवत राहिलो. हॉस्पिटलच्या दाराशी ती उतरली, पर्स खांद्याला लावली आणि नेहमीसारखी आत गेली. पुढे सगळी थंडी ती येत राहिली. तो विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी मी किल्ली घेऊन तयार होतो. ती पलंगावरून उठली नाही. आज नको, उद्याही नको, असं शांतपणे म्हणाली. मी पुण्याला मुलाला फोन लावला. तो आधी माझ्यावर चिडला, मग रडला. मी फोन तिच्या हातात दिला आणि बाहेर बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. आत ती खूप वेळ हळू आवाजात बोलत होती.

फोन ठेवल्यावर तिने चहा मागितला. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातल्यापासून तिला मी घोटभरच चहा द्यायचो. त्या दिवशी मोठा मग भरून केला, आलं घालून. तिने तो सावकाश, शेवटपर्यंत प्यायला. मुलगा संध्याकाळच्या विमानाने आला. पुढच्याच आठवड्यात ती गेली.