बंद खाणीचा बार

ती सकाळ विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. सेवेत खून पाहिले, दंगली पाहिल्या, पण मी खरोखर घाबरलो तो त्या सकाळी. निवृत्त माणसाने खोटा रुबाब कशाला करायचा?

टाळेबंदीचा पहिला उन्हाळा होता. पनवेलच्या आमच्या ठाण्यातले निम्मे कर्मचारी नाकाबंदीवर होते, काही घरी विलगीकरणात, आणि उरलेले आम्ही प्रवासाचे पास मागणाऱ्यांची रांग सांभाळत होतो. चोऱ्या जवळजवळ थांबल्या होत्या. फोन मात्र दिवसभर खणखणायचा. शेजारी खोकतो, वरच्या मजल्यावर कुणी मुंबईहून आलंय, दुकानदार अर्धं शटर उघडून माल विकतो. चुगल्या करण्यात माणसं एवढी तरबेज असतात, हे मला तेव्हाच कळलं.

त्या दिवशी ठाणे अंमलदाराने सकाळी सकाळीच फोन माझ्या हातात दिला. पलीकडे नेऱ्याच्या बाजूचा एक शेतकरी होता, चांगलाच तापलेला.

"साहेब, आमी भाजी घेऊन निघालो तर तुमी लाठ्या मारता. नि शेठची खाण चोरून चालू हाय, ती दिसत नाय तुमाला? आताच बार झाला. फळीवरची भांडी वाजली आमची."

बार म्हणजे सुरुंग. दगडखाणीत खडक फोडायला लावतात तो. बंदी असताना खाण चालवणं हा सरळ गुन्हा, म्हणून स्टेशन डायरीत नोंद केली, बीटचा हवालदार आणि ड्रायव्हर बरोबर घेतला आणि निघालो. हवालदार त्याच पट्ट्यातला होता, त्याला तिथली प्रत्येक पायवाट ठाऊक.

खाणीवर पोचलो तर फाटकाला कुलूप. क्रशरच्या पट्ट्यावर कोळ्यांनी जाळी विणलेली, डंपरच्या चाकाखाली गवत उगवलेलं. इथे कित्येक दिवसांत साधा हातोडाही पडला नव्हता. वॉचमन हात जोडून पुढे आला.

"बार मी पन ऐकला साहेब. पन तो इथला नाय. खालच्या रानातून आला."

मग फुटलं काय? आम्ही उतारावरून रानात शिरलो. थोडं अंतर गेल्यावर हवालदाराने माझा दंड असा धरला की कळ आली.

"साहेब, पाय उचलू नका."

समोर करवंदीच्या जाळीपाशी एक कुत्रा पडला होता. त्याचा जबडाच उडाला होता.

"डुक्करबॉम्ब," हवालदार हळूच म्हणाला. रानडुक्कर मारायला काही लोक मांसात स्फोटक गुंडाळून ठेवतात. डुकराने चावलं की फुटतं. माणसाचा पाय पडला तरी फुटतं. आणि असा बॉम्ब कुणी एकच ठेवत नाही.

खाली पाहिलं तर सगळीकडे वाळलेला पाचोळा. आल्या पावली, आपल्याच बुटांच्या खुणांवर पाय देत आम्ही वर आलो. तेवढं अंतर चालताना मला आठवतील तेवढे सगळे देव आठवले.

स्फोटकं हाताळणारा तिथे एकच माणूस होता, पत्र्याच्या शेडमध्ये राहणारा खाणीचा सुरुंगवाला. खाण बंद पडली तसा तो उरणकडच्या आपल्या गावी गेला होता, पण गावाने वेशीवर काटे टाकले होते. बायकोने फोनवर सांगितलं, येऊ नका, लोक आमालाबी वाळीत टाकतील. तेव्हापासून तो शेडमध्येच पडून होता. ही सगळी हकिगत वॉचमननेच सांगितली.

चौकशी तिथेच सुरू केली. ठाण्यात नेण्याइतका वेळ नव्हता.

"किती ठेवलेस?"

"काय साहेब?"

"उगाच वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. सकाळी कुठे होतास?"

"झोपलेलो."

त्याचे हात साबणाने घासून घासून लाल झाले होते. विचारलं तर म्हणाला, "कोरोना हाय ना साहेब, टीवीवर सांगतात." वा रे पठ्ठ्या! हात एवढे स्वच्छ, आणि पाय गुडघ्यापर्यंत रानाच्या धुळीने माखलेले. मी दरडावलं, समजावलं, कलमं ऐकवली. तो मान खाली घालून एकच पालुपद लावून बसला, मला ठाव नाय. माझ्या अनुभवात असा माणूस मारून बोलत नाही. त्याला तुरुंगापेक्षा मोठी भीती दिसावी लागते.

ती भीती फोनवरून आली. गावचा पोलीस पाटील हवालदाराशी बोलत होता, आणि हवालदाराने मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"अवो, वाडीवरची सगली मजूर मानसं खानीवर निघालीत. बार ऐकला ना त्यांनी, म्हंतात काम चालू झालं. घमेली, फावडी घेऊन गेलीत. सडकेवर पोलीस मारतात म्हनून रानातल्या वाटेनं गेलीत."

सुरुंगवाला ताडकन उठला. तोंड पांढरं फटक.

"साहेब, त्याच वाटेवर हायेत. अजून तीन."

"येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवलेस, मेल्या?"

"आता कोन चालत नव्हतं ना तिथनं! खान बंद, वाट बंद. डुकरं त्याच वाटेनं पान्यावर उतराय लागली." तो रडायलाच लागला. "पोटाला काय खाऊ साहेब? मला दुसरं येतं काय?"

त्याला पुढे घालून आम्ही धावत सुटलो. कुठे पाय ठेवायचा ते तोच दाखवत होता. वळणावरून खाली ती माणसं दिसली. वीसपंचवीस असतील, बहुतेक बायका, तोंडाला पदर बांधलेले. मी शिट्टी मारली आणि ओरडलो, "थांबा! जागचे हलू नका!"

त्यांनी वर पाहिलं. खाकी दिसली, आणि सगळे त्याच वाटेवर सैरावैरा पळायला लागले.

मी जितका ओरडत होतो तितके ते जोरात पळत होते. त्या दिवसांत खाकीचा अर्थ त्यांच्यासाठी एकच होता, पाठीवर काठी. माझ्या आवाजाने मी त्यांना मरणाकडे हाकलत होतो आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात सुरुंगवाल्याने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"बाऽऽर हाऽऽय! बाऽऽर हाऽऽय!"

खाणीवर सुरुंग उडवण्याआधी तो रोज हीच हाळी द्यायचा. हाळी ऐकली की धावायचं नाही, जिथे असाल तिथे बसायचं आणि घमेलं डोक्यावर पालथं धरायचं, असा तिथला नियम. दगड उडून लागू नयेत म्हणून. कित्येक वर्षांची सवय ती. सगळी माणसं एका क्षणात खाली बसली. रानात नुसती पालथी घमेली दिसत होती.

मग त्याने एकेकापाशी जाऊन, हाताला धरून सगळ्यांना वाटेबाहेर काढलं. तिसरा गोळा एका म्हातारीच्या पायाशी होता, मुंग्यांनी भरलेला. टाच जरा मागे सरकली असती तर संपलंच होतं. त्याने तिला अलगद उचलून बाजूला घेतलं.

पुढचं रीतसर झालं. बॉम्बशोधक पथक आलं, वनखात्याला कळवलं, पंचनामा झाला, त्याला अटक झाली. त्याने लोकांचे जीव वाचवले हेही मी कागदावर आणलं. तेवढं मी त्याचं देणं लागत होतो.

घाबरलेला माणूस पळतो, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. पण स्फोटाचा आवाज ऐकून माणसं आनंदाने, अवजारं घेऊन त्या आवाजाच्या दिशेने चालत येतात, हे त्या सकाळी पाहिलं. उपासमार काय असते ते मला त्या दिवशी समजलं, आणि तेव्हापासून कुठल्याही बंदचा हुकूम हातात आला की आधी ती पालथी घमेली आठवायची.

पथकाची वाट पाहत आम्ही बसलो होतो तेव्हा ती म्हातारी माझ्याजवळ आली. मला वाटलं पाया पडेल, म्हणून मी मागे सरकलो.

"खान चालू नाय झाली मंग?"

"नाही आजी. बंदच आहे."

ती भडकलीच. "मंग बार कशाला केलात रं मुडद्यांनो? घरातले शेवटचे तांदूल शिजवून खाऊन आलो ना आमी!"