कुरळीचा चेहरा

संग्रहालयाचा जिना चढून डाव्या हाताला वळलं की अगदी शेवटचं दालन बाईंचं. तिथवर पोचेपर्यंत माणसं दमलेली असत. खाली तलवारी बघून झालेल्या, नाणी बघून झालेली, लेकरं पाण्यासाठी रडायला लागलेली. त्यामुळे त्या दालनात येणारे दोनच प्रकारचे लोक: वाट चुकलेले, आणि बसायला बाक शोधणारे. बाई दोघांनाही सोडत नसत. "आलाच आहात तर बघून जा," म्हणत आणि काचेच्या पेटीपाशी घेऊन जात.

पेटीत कुरळी होती.

नाईल नदीच्या काठचं, तिथे रोमचं राज्य आलं त्या काळचं हे शव. लिननच्या पट्ट्यांनी गुंडाळलेलं, चौकटीत चौकट अशी पट्ट्यांची नक्षी. आणि तोंडाच्या जागी पातळ लाकडी फळी, तिच्यावर मेणात कालवलेल्या रंगांनी काढलेला एका तरुण बाईचा चेहरा. मोठे डोळे, कानांत मोत्यांचे डूल, कपाळावर बारीक कुरळ्या बटांची दाट रांग. मेलेल्याला जपायची रीत इजिप्तची, केस बांधायची तऱ्हा रोमची, आणि दोन्ही या एका पोरीच्या अंगावर येऊन भेटलेल्या. पाटीवर तिच्याबद्दल लांबलचक लिहिलं होतं, पण संग्रहालयात तिला सगळे कुरळीच म्हणत.

बाई शिंप्याची लेक. चिंध्यांत वाढलेली. कापडाचा उभा धागा कुठला आणि आडवा कुठला हे तिला अक्षरांच्या आधी कळलं. शाळेत कुठल्याशा पुस्तकात अशा एका गुंडाळलेल्या शवाचं चित्र पाहिलं आणि पोरगी त्या पट्ट्यांत अडकली ती अडकलीच. शिष्यवृत्ती मिळवून परदेशी गेली, मोठमोठ्या संग्रहालयांच्या तळघरांत बसून मेलेल्या भाषा शिकली, कापसाच्या बोळ्याला जिभेचं ओलं लावून हजारो वर्षांची धूळ पुसायला शिकली. थुंकीइतकं सौम्य औषध अजून कुणाला सापडलेलं नाही, हे त्या धंद्यातलं उघड गुपित. आई शेजारणींना सांगायची, "थोरली डॉक्टर झाली हो. पण पेशंट असले मिळालेत, बरे होत नाहीत आणि तक्रारही करत नाहीत."

बाईंचं नाव झालं ते कुरळीमुळे. रोमच्या राण्या केसांची धाटणी बदलत, आणि वर्षा-दोन वर्षांत ती धाटणी नाईलकाठच्या बायकांच्या डोक्यावर दिसे. जुन्या फोटोतल्या बाह्यांवरून आजी फोटोचं साल सांगते, तशा बाई बटांवरून चेहऱ्याचा काळ सांगत. पण खरी गोष्ट पुढची. असे चेहरे बाजारात फार महाग. शवाला कोण विचारतो! म्हणून व्यापारी फळ्या उचकटून विकत, आणि कधी रिकाम्या शवाला भलताच चेहरा बसवून दोन्ही एकदम खपवत. कुरळीचं तसं नाही, हा चेहरा याच देहाचा, असं बाईंनी आपल्या प्रबंधात ठासून मांडलं. पुरावा काय, तर फळीच्या कडेनं भरलेली काळी राळ. ती फळीवरून पट्टीवर सलग उतरली होती, कुठे तडा नाही, कुठे जोड नाही. त्या विषयातल्या मूठभर माणसांनी मान डोलावली. बाईंना पदवी मिळाली, हे दालन मिळालं. लग्न राहून गेलं, ते कधी राहिलं हे त्यांनाही आठवत नसे.

आता निवृत्ती दाराशी आली होती, आणि एका सकाळी नव्या साहेबांनी बोलावलं.

"बसा बाई. राजधानीच्या संग्रहालयातून विचारणा आलीय. ते रंगवलेल्या चेहऱ्यांचं एक मोठं दालन करतायत. त्यांना आपली कुरळी हवी आहे."

"प्रदर्शनापुरती?"

"कायमची. आणि फक्त चेहरा. धड आपल्याकडेच राहू दे म्हणतात, त्यांच्याकडे जागा नाही."

बाई उठून उभ्या राहिल्या. "साहेब, माणसाचं मुंडकं उतरवून द्यायचं? मागणी आली म्हणून?"

"चिडू नका हो. इथे ती बघायला येतं कोण? परवा मी वर आलो तर बाकावर एक गृहस्थ घोरत होते."

"घोरत होते, पण तिच्यासमोर घोरत होते ना!"

साहेबांना हसू आलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "एक वाट आहे. चेहरा आणि देह एकाच माणसाचा ठरला तर तोडत नाहीत, असा त्यांचा नियम आहे. तुमचा प्रबंध आहे, पण तो तुमचा. सरळ स्कॅन करून घ्या. आत बाई निघाली की मी त्यांना नाही म्हणून कळवतो."

बाई जिना चढून वर आल्या त्या जवळजवळ पळतच. दालनाच्या दारात पहारेकरी स्टुलावर बसला होता. त्याला सगळे मामा म्हणत. "मामा, कुरळी कुठेही जात नाही!" त्या म्हणाल्या.

"जाईल कशी, तिचे पाय गुंडाळलेत," मामा म्हणाला.

बाईंची भाची इस्पितळात एक्स-रेच्या विभागात डॉक्टर होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी, रोगी यायच्या आत, कुरळीची पेटी रुग्णवाहिकेतून नेली. भाचीने मशीन सुरू केलं. "मावशी, इतकी शहाणी पेशंट मला जन्मात मिळाली नाही. श्वास रोखा म्हणून सांगावं लागत नाही."

"बडबड करू नकोस, बघ."

पडद्यावर आधी पावलं आली. मग नडग्या, गुडघे. बाई खुर्चीच्या कडेवर बसून पुढे झुकल्या होत्या. इतकी वर्षं जिला फक्त वरून पाहिलं, तिची हाडं करड्या उजेडात एकेक करून वर येत होती. कमरेपाशी भाची थांबली. चित्र मागे घेतलं, पुढे नेलं, पुन्हा मागे घेतलं.

"काय झालं?"

"मावशी... हा बाप्या आहे."

"नीट बघ. पट्ट्यांनी आवळून हाडं सरकतात."

"सरकली नाहीयेत. कंबर अरुंद आहे, हा कोन बघ. मणके झिजलेत, पाठीत बाक आलाय. पन्नाशी उलटलेला पुरुष आहे, मावशी." मग तिने चित्र डोक्याकडे नेलं आणि आवाज अजून खाली आणला. "आणि हे बघ."

चेहऱ्याच्या फळीमागे दोन पांढरेशुभ्र खिळे चमकत होते. दोन्ही एका मापाचे, दोन्हींची डोकी सारखी गोल, कारखान्यात निघतात तसे. कुण्या व्यापाऱ्याने कुरळीला या म्हाताऱ्याच्या तोंडावर खिळे मारून बसवलं होतं, आणि राळ तापवून कडेनं अशा सफाईने ओतली होती की एका शिंप्याच्या लेकीला जोड दिसू नये.

बाईंचे हात मांडीवर उताणे पडले होते.

भाचीने दार लोटून घेतलं. "मावशी, ऐक. कमरेचा भाग स्पष्ट दिसत नाही असं मी लिहू शकते. खिळे जुन्या दुरुस्तीचे म्हण. तुमच्या साहेबांना यातलं काय कळणारे? तू निवृत्त होईपर्यंत तरी कोणी विचारणार नाही."

"तू लिहिशील?"

"तुझ्यासाठी लिहीन. एकदाच."

"उद्या सांगते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या दालनात येऊन बाकावर बसल्या. लोक बसतात तशाच, पेटीकडे पाठ करून. मनात हिशेब चालू होता आणि कुठूनही मोजला तरी उरत काहीच नव्हतं. खोटं लिहिलं तर कुरळी राहील, दालन राहील, प्रबंध राहील. खरं सांगितलं तर तरुणपणापासून आजपर्यंत जे काही बोललो, शिकवलं, छापलं, ते एका चलाख व्यापाऱ्याच्या कारागिरीला दिलेली शाबासकी ठरेल. मग आपण काय केलं इतकी वर्षं? कोणाची धूळ पुसली? बाईंना वाटलं, आत्ता या बाकावर जीव गेला तर बरं. निदान अहवाल कोणता लिहायचा ते सांगावं लागणार नाही.

तेवढ्यात एक जोडपं आलं. वाट चुकलेलं. त्यातली बायको पेटीपाशी गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "अगं बाई, कसले डोळे आहेत! ही कोण हो?"

प्रश्न नवऱ्याला होता, पण बाई सवयीने उठल्या. "ही," त्या म्हणाल्या. पुढची वाक्यं पाठ होती. झोपेतून उठवलं तरी आली असती. कुरळीच्या डोळ्यांवरून त्यांची नजर खाली उतरली, छातीवर, दुमडलेल्या हातांवर, पावलांवर. बाक आलेली पाठ घेऊन एक म्हातारा तिथे निजला होता. रोज माणसं आणून त्याच्यासमोर उभी करायची आणि त्याला तरुण पोरगी म्हणायचं, हे आपण केलं. आणि त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"ही..." त्या पुन्हा म्हणाल्या.

"बरं नाही का हो तुम्हाला?" त्या पाहुणीने विचारलं. नवऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली. बाईंनी ती घेतली नाही. त्या तडक खाली साहेबांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "साहेब, तो पुरुष आहे. चेहरा त्याचा नाही. माझं चुकलं."

साहेब फार मऊ आवाजात म्हणाले, "असू द्या बाई. त्या काळी अशी मशीनं कुठे होती?" बाईंना ते शिवीपेक्षा जास्त लागलं. "आता एकच प्रश्न आहे. फळी काढणार कोण? राजधानीची माणसं आधीच म्हणालीत, इतक्या पातळ लाकडाला तुमच्याइतका सरावाचा हात दुसरा नाही."

"मीच काढते," बाई म्हणाल्या. दुसऱ्या कुणाच्या हातून तिला तडा गेला असता, ते त्यांना बघवलं नसतं.

कामाच्या खोलीत मामा दिवा धरून उभा राहिला. बाईंनी बोथट सुरी गरम पाण्यात तापवली, पुसली, राळेच्या कडेला लावली. राळ सुटायला लागली. जी कड त्यांनी प्रबंधात पानं पानं वर्णन केली होती ती नखाएवढ्या तुकड्यांनी निघत होती. मग खिळे. पहिला सहज आला, दुसऱ्याने वेळ घेतला. शेवटी कुरळी त्यांच्या दोन्ही तळव्यांवर आली, पानासारखी हलकी. तिचा देह कुठल्या वाळूत पडला असेल, की चुलीत गेला असेल, कोण सांगणार. बाईंनी तिला कापसावर ठेवलं आणि पुन्हा पेटीकडे वळल्या.

खाली बोळे कोंबलेले होते, पोत्याचे. ते चिमट्याने काढले तेव्हा आतली लिननची पट्टी दिसली. तिच्या नक्षीच्या मधोमध एक चौकोन धारदार पात्याने कापून नेलेला होता.

मामा वाकला. "हे काय, बाई?"

"याचाही चेहरा होता," बाई म्हणाल्या. "आधी तो विकला. मग तिला आणून बसवली."

"मग आता तो कुठे असेल?"

"असेल कुठल्यातरी भिंतीवर. खाली लिहिलं असेल, अनोळखी पुरुष." त्यांनी कापलेल्या पट्टीच्या कडेवर बोट ठेवलं. उभे धागे सुटे झाले होते, त्यांतला एक त्यांनी वळवून आत सारला. "तसे शेकडो आहेत, मामा. दाढीवाले, बिनदाढीचे. कित्येक मी हातात घेतलेत. त्यातला याचा कुठला हे ओळखायला याच्याकडे काहीच ठेवलेलं नाही. बटाही नाहीत."

कुरळी लाकडी खोक्यातून राजधानीला गेली. वरच्या दालनात आता खुर्च्या ठेवल्या आहेत, सभा होतात. म्हाताऱ्याला तळघरात न्यायचं ठरलं, त्या दिवशी बाई स्वतः खाली आल्या. पेटीला पाटी हवी होती, आणि मामा रंगाचा ब्रश घेऊन खोळंबला होता.

"काय लिहू, बाई? लवकर सांगा, रंग सुकतोय."

ज्या बाई या पेटीसमोर उभ्या राहून तासभर बोलत, त्यांनी काचेवरून फक्त हात फिरवला. ब्रशाचा एक थेंब जमिनीवर पडला.

"लिहा, पुरुष."

"इतकंच? कुठला, कधीचा, काहीतरी?"

"इतकंच खरं आहे माझ्याकडे."

मामाने लिहिलं. मग त्याने पायाची बाजू धरली आणि बाईंनी डोक्याची, आणि दोघांनी मिळून ती पेटी फडताळाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात सरकवली.