पॅड उन्हातच वाळणार!

पॅड शिवणाऱ्या बायकांत बसलं की किस्से साचतातच. मी काही गोळा करत नाही, बायकाच टाकून जातात! कैनाड गावात चिकूच्या वाडीत आमची एक खोली आहे. आत चार मशीन, बाहेर आमचे धुतलेले पॅड वाळवायची एक दोरी. धुऊन पुन्हा वापरायचे कापडी पॅड आम्ही तिथे शिवतो. लोक म्हणतात, "जरा हळू बोला." का बुवा? हळू बोलून आजवर कोणाचं भलं झालंय?

*

वाडी नलिनीकाकींच्या घरची. दुकानातले पॅड वापरून झाले की काकी गुपचूप शेणखताच्या खड्ड्यात टाकायच्या. कोण बघतंय!

एकदा काकांनी खड्डा उपसला. पाला कुजला होता, शेण मुरलं होतं, गोणपाटाचीसुद्धा माती झाली होती. पॅड मात्र जसेच्या तसे! चिकूच्या आळ्यात खत ओतता ओतता काका थांबले. "हे काय?"

आता आमच्यात पॅड शिवणारी मंगली तेव्हा तिथे मजुरीला होती. ती म्हणाली, "काका, हे खत नाय, बी हाय. पेरलं तेवढं निघालं!"

त्या आठवड्यापासून काकी कापडी पॅडसाठी आमच्याकडे यायला लागल्या.

*

तलासरीकडे झरीला एक साहेब आले, फुकट पॅडची खोकी घेऊन. हार, फोटोग्राफर, सगळा थाट. एका बाईने हात वर केला. "साहेब, वापरून झाल्यावर हे परत न्यायला कधी येणार?"

"ते तुम्हीच डिस्पोज करायचं."

"कुठे?"

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. एकीकडे विहीर, दुसरीकडे भातशेत! फोटो राहूनच गेला. त्या बाईचा मला अजून अभिमान वाटतो.

*

चिंचणीच्या हिरामावशींना मी बजावलं होतं, "पॅड साडीखाली लपवून वाळवू नका. ओलसर राहिला की खाज सुटते. कडक ऊन दाखवा."

मावशींच्या माहितीतली कडक उन्हाची जागा एकच, बोंबील वाळवायच्या काठ्या! दोन बोंबलांच्या मध्ये एक पॅड. शेजारी भडकला. मावशी म्हणाल्या, "बोंबील पोटात जातो, तो उघडा. हा पोटात जात नाय, याला पडदा कशाला?"

हल्ली मावशी वेगळी दोरी बांधतात. शेजाऱ्यासाठी नाही. पॅडला बोंबलाचा वास लागतो म्हणून!

*

शेवटचं प्रकरण मात्र आमच्या खोलीवरच बेतलं. येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना दोरी दिसते म्हणून काकांनी फर्मान काढलं, "सकाळपर्यंत दोरी काढा, नाहीतर खोली रिकामी करा!"

दुसरी जागा कोण देणार? मशीन कुठे न्यायच्या? पण आता आम्हीच लपवायला लागलो, तर इतके दिवस बायकांना शिकवलं काय? मंगली म्हणाली, "दोरी ऱ्हाईल." राहिली.

सकाळी काका स्वतःच आले. एकेक पॅड ओढून टोपलीत टाकायला लागले. आम्ही दारात उभ्या. तिसऱ्या पॅडपाशी त्यांचा हात थांबला. निळ्या चौकड्या!

"हा... हा तर माझा शर्ट!"

समोरच्या ओट्यावर काकी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हो. आता तो माझा पॅड आहे. तुम्हाला घालायचा असेल तर काढा!"