ताटावर आडवा हात

रुग्णालयातल्या समुपदेशनाच्या खोलीत माझ्या आधी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. आजार हाताबाहेर गेला तर यंत्रांवर नुसतं जगवत ठेवू नका, असं कायदेशीर इच्छापत्र आम्हा दोघांनाही करायचं होतं. समुपदेशक ताईंनी न कंटाळता सगळं समजावलं. मग म्हणाल्या, "काका, तुम्हाला बोलता आलं नाही, तर तुमच्या वतीने डॉक्टरांना 'आता पुरे' कोण सांगेल? त्यांचं नाव इथे लिहा."

"मुलाचं लिहिलं असतं," काका म्हणाले, "पण त्याला नाही जमायचं. फार जीव आहे त्याचा माझ्यावर."

मला पंगती आठवल्या. आपल्याकडे पुरे म्हणणाऱ्याला हटकून आणखी एक जिलबी वाढतात. तो ताटावर आडवा हात धरतो, तरी वाढणारा बोटांच्या फटीतून ती सोडतोच, आणि त्यालाच आपण प्रेम म्हणतो. माझं पहिलंच 'पुरे' खरं मानणारं माणूस आयुष्यात एकच भेटलं. ह्यांनी मला कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही. जरा आग्रह केला तर काय बिघडतं, म्हणून मी रुसायचे.

काकांनी कोरा कागद घडी करून खिशात ठेवला आणि ते उठले. मी बसले, आणि विचार न करता नाव लिहून टाकलं.

"हे कोण तुमचे?" ताईंनी विचारलं.

"यजमान. चार वर्षं झाली त्यांना जाऊन," मी म्हटलं. "दुसरा कागद मिळेल का?"